मंगलचं स्थळ

मेढा, ३ ऑगस्ट २०२५

ज्ञानूमामा,

पाया पडते. परवा फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तोंडी हुकूम म्हंजी वारा. कागदावर दे." अठरा वर्षं फौजेत काढून आलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? शिवाय मेढ्यापासून आठ मैल वर आमच्या वाडीत पाऊस लागल्यापासून रेंज फक्त गोठ्याच्या दारात येते आणि तिथं म्हैस बोलू देत नाही. म्हणून हा कागद.

मला एक जुनी शिलाई मशीन शोधून द्या. काळी, लोखंडी, पायानं चालणारी. तुमच्या इस्लामपूरकडं प्रत्येक घरात एखादी तरी धूळ खात पडलेली असते.

कशाला ते सांगते. महाबळेश्वरला एक बचाव पथक आहे. फोटो काढता काढता दरीत गेलेल्या माणसांना दोरानं वर काढणारी पोरं. बाजारातल्या पाठपिशव्यांचे पट्टे त्यांना एक पावसाळासुद्धा पुरत नाहीत. मी त्यांना एक पिशवी नमुना म्हणून शिवून दिली. त्यांनी ती तीनदा दरीत उतरवली, एक टाका उसवला नाही. आता बारा मागितल्यात. पण त्या नमुन्याची शेवटची टीप मारतानाच माझ्या नव्या मशीननं जीव सोडला. उघडून बघितलं तर आतली चाकं प्लॅस्टिकची, निम्मे दात पडलेले. जाड पट्ट्याचे आठ पदर तिला झेपलेच नाहीत.

आणि घाई कशाची तेही सांगते. नानांनी विट्याचं स्थळ आणलंय, इंजिनियर. आजवर तीनदा मी पाटावर बसले. चौथ्यांदा नाही म्हणाले तेव्हा घरात भांडी वाजली. शेवटी नानांनी शब्द घेतला. दसऱ्याला सोनं लुटायच्या आत बारा पिशव्या पुऱ्या झाल्या, तर मी स्वतः काढेपर्यंत लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही. एक जरी कमी पडली तर मी साडी नेसून विटेकरांपुढं बसायचं आणि त्यांनी होकार दिला तर तोंड उघडायचं नाही. मी रागात हो म्हणाले, पण म्हणाले.

तर मशीन अशी बघा. आत सगळं लोखंड पाहिजे. पट्टा काढून चाक हातानं फिरवायचं, कुठं अडखळायला नको. सुईची दांडी धरून हलवायची, ती खिळखिळी नको. सुईशेजारचा पाय उचलला की खालून आठ पदर गेले पाहिजेत. वरचा गंज चालेल, आतला नाही. आणि सोनेरी वेलबुट्टीला भुलू नका. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं.

तुमची,
प्रियदर्शनी


इस्लामपूर, ११ ऑगस्ट

चि. प्रियाला मामाचा कडक आशीर्वाद.

कागद मिळाला. दोनदा वाचला, एकदा उभ्यानं. काम हाती घेतलं हाय.

मशीन बघायची म्हंजी भरतीच घ्यायची. मी भरतीत चार वर्षं पोरांच्या छात्या मोजल्यात, मला कुणी चकवत न्हाई. पैलं धावणं, मग मेडिकल, मग कागदपत्रं. एकूण सहा उमेदवार तपासले. रिपोर्ट खाली देतो.

पैली लय देखणी, नवा रंग, सोनेरी मोर. चाक फिरवलं तर आतनं खडं हालवल्यावाणी आवाज. अनफिट. दुसरीच्या अंगावर गेली बारा वर्षं मिक्सर ठेवलेला. ती वाकली हाय, आणि घरवाली म्हणती मिक्सर कुठं ठेवू. तिसरीची सुईदांडी हालती. चौथीचं निस्तं पायच मिळालं, धड न्हाईच. हायवेच्या हाटेलवाल्यानं त्यावर फरशी टाकून टेबल केलंय, लोक तिथं मिसळ खात्यात. मी पाय हालवून बगितलं, चाक झकास फिरतंय, पण मिसळ सांडली.

पाचवीचा मालक येडा हाय. म्हणतो, ह्या मशीनीत लाल पारा हाय, करोडोची वस्तू हाय, मोबाईल जवळ न्हेला की रेंज जाती. न्हेला. गेली. मग मी भाईर येऊन बगितलं तर त्या अख्ख्या वस्तीवर रेंज न्हवती.

सहावी मात्र जवान हाय! मळ्यातल्या विजयमालाकाकींची. वय चौपन्न वर्षं. कंपनीचं नाव घासून गेलंय, पण चाकाला बोट लावलं की बोलल्यावाणी फिरतं. दांडी ताठ. मी दोन तास तपासलं. घरातली सगळी माणसं भवतीनं बसली होती. कुणी हसलं न्हाई, शिस्त बगून बरं वाटलं. मग कांदंपोहं आलं. मी विचारलं, "देणार का?" काकींचं थोरलं दीर तात्याबा म्हणालं, "आमच्यात मशीन इकत न्हाईत. आमच्यात देत्यात." मी म्हणालो, "तुमच्या रिवाजापरमानं." त्यावर त्यांनी मला कुंकू लावलं, टावेल, टोपी, नारळ दिला. माजी सैनिक म्हणून सत्कार झाला. सुपारी फोडली, ती बी खाल्ली.

मशीनला घरात मंगल म्हणत्यात. मंगळवारी घरात आली म्हणून. आता कवा न्ह्यायची तेवढं ठरायचंय.

ज्ञानदेव, हवालदार (रिटायर)


मेढा, १४ ऑगस्ट

मामा, अहो मामा,

तुम्ही माजी सैनिक म्हणून सत्कार घेतला नाहीत. तुम्ही सोयरीक जमवून आलात!

कांदेपोहे, कुंकू, टॉवेल-टोपी, फोडलेली सुपारी, आणि "आमच्यात देत्यात." राहिलं काय? तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं तर ती चुलीपाशी बसून इतकी हसली की भाकरी करपली. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्ञानूला टोपी दिसली की डोकं पुढं करायची सवयच हाय."

जाऊन स्पष्ट सांगा, आम्हाला यंत्र पाहिजे, सून नको. सांगताना हात पाठीमागं बांधून ठेवा, कुणी काही दिलं तरी घेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही केलंच नाही. तिच्यावर टीप मारून बघितली का? यासोबत जाड पट्ट्याचा तुकडा पाठवतेय, अठरा नंबरची सुई आणि नायलॉनचा दोराही. तुकडा तीनदा दुमडला की आठ पदर होतात. त्यावरून एक उभी टीप मारून आणा. टाका वरून जसा दिसतो तसाच खालून दिसला पाहिजे. त्या पट्ट्याला उद्या माणूस लटकणार आहे, ब्लाऊज नाही.

सात आठवडे उरलेत.

प्रिया


इस्लामपूर, १८ ऑगस्ट

चि. प्रिया,

टीप मारून आणलीया, सोबत जोडली हाय. आठ पदर अशी गेली की लोण्यातनं सुरी. काकींनी स्वतः पाय मारला. मी पट्टा दोन्ही हातानं वढून बगितला, मग जीपला बांधून बगितला. जीपचा हुक आला, टीप न्हाई आली.

आता वाईट बातमी. स्पष्ट सांगायला गेलो होतो. हात पाठीमागं बांधले होते. तात्याबांनी टोपी थेट डोक्यावर ठेवली. आता दोन झाल्या.

त्यांचं म्हणणं असं. ही मशीन काकींच्या वडलांनी लग्नात दिली. काकींना चार ल्योक, लेक न्हाई. मंगलच लेक. लेक इकत न्हाईत, चांगलं घर बगून देत्यात. तवा ही मंडळी येत्या रविवारी तुमचं घर बघायला येत्यात. चौदाजण, दोन जीपा. तू नवरदेवाकडची न्हाईस बरं का. तूच नवरदेव हाईस. नीट बस.

आणिक एक. त्यांनी विचारलं, पावण्यांचं काय काय हाय? मी जरा वाढवून सांगितलं. दोन खोल्यांचा कारखाना, चार कामगार, घर कोरडं ठणठणीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, काय करू. स्थळाच्या गोष्टीत खरं कोण सांगतंय? तू तेवढं रविवारपर्यंत बग कायतरी.

मामा


मेढा, २५ ऑगस्ट

मामा,

टीप पाहिली. एक रात्र उशाशी घेऊन झोपले होते. असा टाका मी आजवर कुठल्या मशीनचा पाहिला नाही. मला ती पाहिजे. आता दुसरी कुठली चालणार नाही. म्हणूनच काल जे झालं ते तुम्हाला सगळं सांगते, कारण तुम्ही पोटात कळ आली म्हणून जीपमध्येच बसून राहिलात.

चौदा माणसं ओसरीवर मावेनात. वरून पाऊस. मी नवरदेव म्हणून सतरंजीवर मध्ये बसले, त्यामुळं चहा नेणार कोण हा प्रश्न आला. आई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी, तिला हसू आवरत नव्हतं. शेवटी नाना ट्रे घेऊन आले. माझे नाना, ज्यांनी तीनदा मला ट्रे घेऊन चौघांसमोर पाठवलं, ते मान खाली घालून चौदा कप वाटत होते.

तात्याबांनी विचारलं, "मुलगा... म्हंजी मुलगी काय करती?" मी सांगितलं. "कारखाना?" मी म्हणाले, "ही खोली." "कामगार?" मी म्हणाले, "मीच चार माणसांचं काम करते." खोटं मला जमलं नाही, मामा. मग म्हणाले, व्यसन? मी म्हणाले, चहा. राग येतो का? येतो. रागाच्या भरात चाकावर हात टाकणार नाहीस ना? नाही. तेल रोज की आठवड्याला? रोज. मग एक बाई म्हणाली, "चालवून दाखव." आमच्याकडं चालू मशीन कुठली? मला स्टुलावर बसवलं आणि मी पाच मिनिटं हवेत पाय मारले. चौदा माणसं माझे पाय बघत होती. कुणीतरी म्हणालं, "उजवा जरा दमतोय."

मग विजयमालाकाकी पुढं सरकल्या. त्यांनी माझी बोटं हातात घेतली, सुई टोचल्याच्या खुणा एकेक करून पाहिल्या आणि हात परत माझ्या मांडीवर ठेवला.

मग तात्याबा म्हणाले, "पोरीचं वय सत्तावीस. अजून घरात. काय खोट तर न्हाई न्हवं?"

नानांनी ट्रे खाली ठेवला. म्हणाले, "खोट? गेल्या आखाडात घाटात दरड आली, रस्ता बंद. हिच्या आईची औषधं आणि वीस किलो तांदूळ मी मेढ्यातनं पाठीवर आणलं. आठ मैल. कशात आणलं ठाऊक हाय? हिनं शिवलेल्या पैल्या पिशवीत. खांद्याला वळ न्हाई, आत पाण्याचा थेंब न्हाई. खोट तुमच्या डोळ्यात असंल, माझ्या पोरीत न्हाई."

मामा, मला वाटत होतं ती पिशवी त्यांनी म्हशीच्या पेंडीला लावलीय. मी आत जाऊन रडले. आईपण हसायची थांबली.

जाताना तात्याबांनी भिंतीला तळवा लावून बघितला, मग दुसऱ्या भिंतीला. म्हणाले, "कळवतो." तीन मुलांकडच्यांना मी हाच शब्द पाठवला होता. तो ऐकून बसायचं म्हणजे काय हे मला काल कळलं.

प्रिया


इस्लामपूर, ५ सप्टेंबर

चि. प्रिया,

नकार आला.

तोंडी न्हाई, मी लेखीच घेतला. तात्याबांच्या सहीचा कागद हाय. "हवा मानवणार नाही." तुमच्याकडं चार म्हयनं भिंती गळत्यात, मंगल लोखंडाची. म्हणं दोन पावसाळ्यात तिचं गुडघं धरत्याल. मी म्हणालो, आवं मी बर्फात सहा म्हयनं हुबा होतो, मला गंज चढला का? तात्याबा म्हणालं, चढलाय.

दोन्ही टोप्या परत द्यायला गेलो. घेतल्या न्हाईत. आता त्या घालवत बी न्हाईत आणि टाकवत बी न्हाईत.

हे माझ्यामुळं झालं. कोरडं ठणठणीत म्हणून मी सांगितलं नसतं तर भिंतीला हात लावायचं त्यांच्या मनात आलं नसतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पाचव्या मशीनीच्या मालकाला परत भेटलो. तो आता म्हणतो पारा काढून घेऊन मशीन दिली तर चालंल का. मी हो म्हणालो. तो पारा शोधतोय.

सोमवारपासनं पितृपंधरवडा लागतोय, त्यात कुणी काय देणार न्हाई. माफ कर पोरी.

मामा


इस्लामपूर, ९ सप्टेंबर

चि. प्रियदर्शनीस,

मी विजयमाला. लिवतीया माझी नात क्रांती. तिला सांगितलंय, मी बोलीन तसंच लिव, शाळेतलं मराठी करू नगं.

नकार पुरुषांनी दिला. मला कुणी इचारलं न्हाई. पण इचारलं असतं तर मी बी न्हाईच म्हणाले असते, ते आज तुला सांगती.

भिंतीचं निमित्त हाय. लोखंडाला मी काय ओळखत न्हाई व्हय? रोज तेलाचा हात फिरवला तर ते समुद्रात बी टिकंल. खरं निराळंच हाय. माझ्या डोळ्याला आता सुईचं भोक दिसत न्हाई. तरी रोज दुपारी मी मंगलपाशी बसती आणि दोरा न घालता पाय मारती. सुनांना वाटतं म्हातारी कायतरी शिवतीया. ल्याकांनी वाटण्या केल्या तवा मळा गेला, हीर गेली, दागिनं गेलं, माझा पलंग सुदिक थोरल्याकडं गेला. मंगलला कुणी मागितलं न्हाई. म्हणून ती माझी राहिली. आणि तू मागितलीस. मला धडकी भरली गं. तुझ्या बोटांवर खुणा बगितल्या तवा मला कळलं का ही पोरगी तिला नीट वागवंल. म्हणूनच जास्त धडकी भरली.

तुझा बाप ट्रे खाली ठेवून बोलला तवापासनं माझ्या डोक्यातनं ते जाईना. माझ्यासाठी असं कोण कवा बोललं न्हाई.

तर असं कर. मंगल काय माहेर सोडून येणार न्हाई. तू हितं ये. घरजावई हो. तुझं कापड, तुझं पट्टं सगळं घेऊन ये. खिडकीची खोली तुला. तात्याबाला मी सांगितलंय, घरजावयाला पितृपंधरवड्याची आडकाठी नसती. त्यानं पंचांग बगितलं, त्यात आडकाठी कुठं लिवलेली न्हाई, म्हणून तो गप झाला.

एकच अट. मंगलचा दर मंगळवारी उपास असतो. त्या दिवशी तेल न्हाई, दोरा न्हाई, काम न्हाई. चौपन्न वर्षांत मोडलेला न्हाई.

विजयमाला

(मावशी, खरंच मंगळवारी मशीनला हात लावला तर आजी जेवत नाही. क्रांती)


इस्लामपूर, ३० सप्टेंबर, मंगळवार

नाना,

हे पत्र मामांच्या हातानं पाठवतेय. ते दुपारच्या एसटीनं निघतील आणि उद्या तुमचं उत्तर घेऊन परततील. फोनवर सांगण्यासारखं हे नाही. शिवाय मामा म्हणतात, शब्द लेखीच मोडावा.

इथं मला कुणी ताटसुद्धा उचलू देत नाही. जावई आहे ना! पहिल्या दिवशी पुरणपोळी झाली. रोज सकाळी तात्याबा माझ्याशेजारी पान घेऊन बसतात आणि जावयाशी बोलतात तसं उसाच्या दरावर बोलतात. मला काही कळत नाही, मी "व्हय व्हय" म्हणते आणि पाय मारत राहते. काकी दुपारी पट्ट्याचं दुसरं टोक धरून बसतात. डोळ्याला दिसत नाही, पण टाका चुकला की आवाजावरून सांगतात. एकदा म्हणाल्या, "तिसरा पदर सरकला." उसवून बघितलं तर खरंच सरकला होता.

नाना, अकरा झाल्या. बारावी निम्मी आहे.

मंगलचा दर मंगळवारी उपास, रोज जेवणानंतर तिची दोन तासांची झोप, त्यात सर्वपित्रीला सुट्टी. मी सगळं हिशेबात धरलं होतं, फक्त शेवट बघितला नव्हता. आज मंगळवार. उद्या खंडेनवमी, सगळ्यांची हत्यारं पुजायची, मंगलही पाटावर बसणार. आणि पुजलेलं हत्यार परवा सोनं लुटल्यावरच उचलायचं. काल संध्याकाळी काकींनी तिची सुई काढून डबीत ठेवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हरले.

आपल्या शब्दाचं मी इथं कुणाला सांगितलं नव्हतं. आज सकाळी मामांनी तोंड सोडलं. काकी उठल्या, डबीतली सुई काढून माझ्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "चालीव. मी माळ्यावर जाऊन बसती. मला ऐकू येणार न्हाई."

चौपन्न वर्षांत त्यांचं म्हणून घरात एवढंच एक चाललं, नाना. बाकी सगळं दुसऱ्यांचं. मी सुई परत डबीत ठेवली.

हातानं शिवता आली असती. तीन तासांचं काम होतं. पण हाताच्या टाक्यावर मी कुणाला दरीत उतरवणार नाही. तुमचा शब्द पाळायला म्हणून मी एखाद्या पोराचा जीव टांगणार नाही.

म्हणजे अकराच. शब्द म्हणजे शब्द. विटेकरांना शुक्रवारचं बोलवा. मी गुरुवारी रात्री येते, साडी आईला काढून ठेवायला सांगा. रडत नाहीये. खोटं कशाला बोलू, रडतेय. पण येते.

प्रिया


मेढा, १ ऑक्टोबर

चि. प्रियास,

ज्ञानू काल सांजच्याला आला. पत्र त्यानं सावधान उभं राहून दिलं. मी तीनदा वाचलं. तुझ्या आईनं एकदाच वाचलं आणि मला म्हणाली, "आता काय करायचं ते तुमी करा, मी चहा टाकती." तिचा चहा सकाळपर्यंत झाला न्हाई.

मला लिवायची सवय न्हाई, चुकलंमाकलं समजून घे.

तो रविवार माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई. चौदा माणसं तुझं पाय बगत होती आणि तू हवेत पाय मारत होतीस. मला लय लाज वाटली. त्यांची न्हाई, माझीच. तीनदा मी तुला असंच बसवलं. एकदा तर त्या कराडच्या माणसानं तुला चालून दाखव म्हणून सांगितलं आणि मी म्हणालो, चाल गं. ते सगळं मला त्या दिवशी ट्रे हातात घेतल्यावर कळलं. इतकी वर्षं कळलं न्हवतं. तुला सांगायचं म्हणून रोज येत होतं तोंडावर आणि रोज मी म्हशीकडं जात होतो.

शब्द तू दिलास, मी घेतला. घेणाऱ्यानं सोडला तर देणाऱ्याच्या डोक्यावर काय राहत न्हाई. मी सोडला. अकरा का बारा हे मी मोजणार न्हाई. तू सुई डबीत ठेवलीस ते मला बास हाय.

सकाळी मेढ्याला जाऊन विट्याला फोन लावला. मुलाचा बाप होता. म्हणालो, पाव्हणं, पोरीचं जमलंय, तुमी दुसरीकडं बगा. तो म्हणाला, कुठं जमलं? मी म्हणालो, इस्लामपूर. घर कसं हाय? म्हणालो, शेतीवाडीचं, माणसं कडक हायत पण जीव लावणारी. सासू? म्हणालो, सासू लय गुणाची. मग म्हणाला, मुलगा काय करतो?

तुझ्या मामासारखं वाढवून सांगता आलं असतं. पण म्हणालो, मुलगा न्हाई. आमची पोरगीच घरजावई गेलीया.

मग तो म्हणाला, आवं पोरगी कशी घरजावई जाईल?

मी म्हणालो, आमची गेली.

तुझा,
नाना